हॅफनरांची नववी गाडी

९ एप्रिल १९५७, मंगळवार

नवव्या गाडीची चौकट आज जोडायला घेतली. प्रत्येक गाडीला एक नवी वही, हा माझा नेम. कामाच्या डगल्याच्या खिशात मावेल एवढीच वही घेतो. तिला ग्रीस लागतं, पण ती हरवत नाही. आधीच्या आठ वह्यांत नळ्यांची मापं आणि माझी कुरकुर, याखेरीज काही नाही.

घरामागची शेड, एक लेथ, एक वेल्डिंगचा संच, मी आणि ओटो ब्रँट. एवढ्यावर आम्ही नऊ वर्षांत आठ गाड्या बांधल्या. मातीच्या गोल ट्रॅकवर धावणाऱ्या, उघड्या चाकांच्या, एका माणसाच्या गाड्या. इंडियानातल्या जत्रांच्या मैदानांवर ‘हॅफनर’ म्हटलं की लोक मान वळवून बघतात. मोठ्या शहरातल्या बड्या लोकांना आमचं नाव ठाऊक नसेल. नसू दे.

ही गाडी लेस्टर कॉफिलची. त्याचा मका डब्यात भरायचा कारखाना आहे आणि तोंडही तेवढंच मोठं आहे. गाडी चालवणार व्हर्ज, म्हणजे व्हर्जिल टॉलिव्हर, अर्डिसचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा आहे. माझ्या गाडीत बसायला मिळावं म्हणून तीन वर्षं माझ्या मागे लागला होता. शेवटी मी हो म्हटलं.

अर्डिसला ते आवडलेलं नाही. म्हणाली, “दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसला असता तर बरं झालं असतं.”

“म्हणजे माझी गाडी वाईट?”

“तसं नाही रे. मग मला फक्त त्याचीच काळजी करावी लागली असती.”

सोळा वर्षं संसार करतोय, पण ही बाई अर्धं बोलते आणि अर्धं आपल्यावर सोडते.

१३ एप्रिल, शनिवार

कॉफिल येऊन गेला. सिगारची राख माझ्या लेथवर झाडली आणि म्हणाला, “एमरी, गाडी आरशासारखी हवी. बघितल्यावर लोकांना माझे डबे आठवले पाहिजेत.”

म्हणजे पुढचा ॲक्सल, सगळे दांडे, दिसेल ते सगळं क्रोमच्या मुलाम्याचं. मलाही चमक आवडते, उगीच नाही कशाला म्हणू.

अर्डिसनं ऐकलं आणि लगेच कॅलेंडरवर खुणा करायला लागली. युद्धाच्या काळात ती तीन वर्षं विमानांच्या कारखान्यात होती, मुलामा चढवलेले भाग तपासायच्या कामावर. तिचं म्हणणं असं: मुलाम्याच्या हौदात पोलाद बुडवलं की त्यात वायू शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. वरून काही म्हणता काही दिसत नाही. उपाय एकच, मुलामा चढला की त्याच दिवशी पावणेचारशे डिग्रीवर चार तास भाजायचं. आमच्या गावचा मुलामेवाला असली भानगड करत नाही. म्हणून ती आपल्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजते. भाजून झालेल्या प्रत्येक तुकड्याला आतल्या बाजूनं नखांच्या रंगाचा एक लाल ठिपका लावते. ओटो दारातून विचारतो, “काय शिजतंय आज, अर्डिस? नरम झालं की मलाही वाढ थोडं.”

चौथ्या गाडीपासून हे चाललंय. तिचं मन राहतं म्हणून मी काही म्हणत नाही. ओटो गाडीजवळ कुणाला शेंगदाणे खाऊ देत नाही, व्हर्ज हिरवा शर्ट अंगाला लावत नाही, आणि आमच्या घरात लोखंड भाजतात. प्रत्येकाचं काहीतरी असतंच.

२५ एप्रिल, गुरुवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. चाक वळवणारे दांडे, उजवा आणि डावा, सोमवारी मिळायचे ते आज दुपारी तीनला आले. उद्या सकाळी आठला कॉफिल मासिकाचा फोटोवाला घेऊन येतोय. त्यानंतर गाडी थेट त्याच्या कारखान्याच्या दारात, लोकांना दाखवायला.

अर्डिस घरी नाही. तिच्या आईला न्यूमोनिया झालाय, ती चार दिवस तिकडेच आहे. ओव्हन कसा लावतात ते मला धड माहीत नाही. चार तास त्याच्यासमोर बसायला माणूसही नाही. ओटो पत्र्याच्या कामात बुडालेला आहे. दांडे हातात घेऊन बघितले. अंगठ्याहून जाड, चांगल्या पोलादाचे. यांच्यावर म्हैस उभी केली तरी वाकणार नाहीत.

सहा वाजता बसवून टाकले. दिसतात मात्र झकास. कुठे डाग नाही, तिचे ते लाल ठिपकेही नाहीत. कॉफिलला ते ठिपके मागच्या वेळी खटकलेच होते.

याच खेपेत दांड्यांची आणखी एक जोडी होती, आठव्या गाडीसाठी. ती गाडी गेल्या वर्षी इलिनॉयमधल्या दाल्ग्रेननं घेतली. त्यालाही आता चकाकी हवी झालीय. ती जोडी खोक्यात भरून टपालानं रवाना केली. एक काम हातावेगळं झालं.

२९ एप्रिल, सोमवार

अर्डिस परत आली. तिची आई उठून बसायला लागलीय, पेज घेते. हिचा चेहरा मात्र पार उतरलाय.

हॅट काढायच्या आधी विचारलं, “दांडे आले?”

“आले.”

“भाजले?”

मी म्हणालो, “ओटोनं भाजले.”

कशाला वाद घालायचा? बाई आठवडाभर रात्री जागून आलेली. गाडी कॉफिलच्या दारात उभी आहे, ती आणून खोलायची म्हणजे दोन दिवस गेले. शिवाय मुलाम्याचा दिवस टळल्यावर भाजून उपयोग नसतो असं तिचंच म्हणणं. म्हणजे खरं सांगितलं असतं तरी नवे दांडे करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि त्याला वेळ कुठाय?

ती म्हणाली, “ओटोनं ठिपके लावले का?”

“ओटोकडे नखांचा रंग कुठून येणार?”

हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मलाही बरं वाटलं.

१२ मे, रविवार

पहिली शर्यत. तिसरे आलो. गाडी वळणात चिकटून चालते, बघत राहावं अशी. आठव्या गाडीला हे कधी जमलं नव्हतं. कॉफिलनं चार अनोळखी लोकांना माझी ओळख “माझा कारागीर” अशी करून दिली.

२ जून, रविवार

जिंकलो!

व्हर्ज करंडक घेऊन थेट कुंपणाकडे पळाला. आमच्याकडे गाड्यांच्या आवारात बाईमाणसाला येऊ देत नाहीत, अपशकुन मानतात. म्हणून अर्डिस आणि तिची आई बाहेरच्या बाजूला उभ्या होत्या. त्यानं जाळीवरून करंडक आईच्या हातात दिला आणि म्हणाला, “घे, यात बटाटे ठेव.” आई रडली. अर्डिसनं जाळीतून बोट घालून त्याच्या गालावरची माती पुसली.

परत येताना व्हर्ज म्हणाला की शेवटच्या फेऱ्यांत स्टिअरिंग जरा सैल लागत होतं. मी नट तपासले. एक नट पाव फेरा घट्ट केला.

१६ जून, रविवार

लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

ओटोची कंबर धरली होती म्हणून तो घरीच राहिला. मी, व्हर्ज आणि कॉफिलची दोन माणसं, असे चौघं सकाळी निघालो. ट्रॅक साठ मैलांवर. माती नीट ओली केलेली होती, ऊन कडक होतं.

दीडच्या सुमाराला कार्यक्रमपत्रिका विकणारा लठ्ठ माणूस आवारात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “हॅफनर, तुझी बायको फाटकाशी आलीय! आत सोडा म्हणतेय.”

सगळे हसायला लागले. शेजारच्या गाडीवाला म्हणाला, “काय रे, चूल विझवायची विसरलास का?” दुसरा म्हणाला, “जा बाबा जा, नाहीतर संध्याकाळी जेवायला मिळायचं नाही.”

लठ्ठ माणूस म्हणाला, “रखवालदाराशी भांडतेय. डोक्यावर हॅट नाही, अंगात ॲप्रन तसाच.”

व्हर्ज गाडीत बसला होता, पट्टे आवळून झाले होते. म्हणाला, “जा ना एमरी. बघ तरी अर्डी काय म्हणतेय.”

शर्यतीच्या तोंडावर बाईशी बोलायला कुंपणाकडे जायचं, आणि तेही एवढ्या लोकांसमोर? मी म्हणालो, “शर्यत झाल्यावर बघू. सँडविच आणले असतील.”

“मग हॅमचं माझं,” व्हर्ज म्हणाला आणि चष्मा खाली ओढला.

चौदाव्या फेरीला दुसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही. घसरली नाही, गिरकी घेतली नाही, सरळ गेली. कठडा फोडून पलीकडे ओढ्यात पडली.

मी पळत गेलो. तोवर फाटकावर कुणी कुणाला अडवत नव्हतं. अर्डिस माझ्या आधी पोचली होती.

१७ जून

काही नाही.

२० जून, गुरुवार

व्हर्जला पुरलं. पाऊस नव्हता, वारा नव्हता, मेथडिस्ट चर्चमागं नुसता उकाडा होता. कॉफिलनं भलं मोठं फुलांचं चक्र पाठवलं, त्यावर त्याच्या कारखान्याचं नाव. ओटोनं ते उलटं करून ठेवलं.

नंतर घरी सगळ्यांनी आणलेले पदार्थ टेबलावर मांडले होते आणि कुणी खात नव्हतं. अर्डिसची आई माझ्याजवळ येऊन बसली. अजून तिचा श्वास नीट चालत नाही. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “एमरी, तू एवढ्या कष्टानं गाडी बांधलीस आणि माझ्या पोरानं मोडली. लहानपणापासून त्याला फार घाई. जेवतानासुद्धा. त्याला माफ कर हो.”

मी म्हणालो, “आई, असं बोलू नका.”

अर्डिस खिडकीशी उभी होती. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं.

२४ जून, सोमवार

शर्यत मंडळाचा कागद आला. वेग जास्त, चालकाचा अंदाज चुकला. सही, शिक्का. गाडीबद्दल एक अक्षर नाही.

गाडीचा सांगाडा शेडमध्ये आणून ठेवलाय. ओटो सकाळपासून त्याच्याभोवती फिरत होता. दुपारी त्यानं मला हाक मारली. उजवा दांडा मधोमध तुटलाय. वाकलेला नाही, ताणलेला नाही. तुटलेली बाजू दाणेदार, फोडलेल्या खडीसाखरेसारखी.

ओटो म्हणाला, “चांगलं पोलाद असं मोडत नाही, एमरी.”

“त्या वेगानं आपटल्यावर काहीही मोडतं.”

तो कंबर धरून उभा राहिला. मग म्हणाला, “त्या रविवारी अर्डिस माझ्याकडे सूप घेऊन आली होती. म्हणाली, दांडे भाजलेस त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. मी म्हटलं, मी कुठे भाजले? तिनं वाडगा पायरीवर ठेवला आणि पळत गाडीत जाऊन बसली.”

मी त्याला सांगितलं की हे तुकडे जुन्या दगडखाणीत टाकून दे. असलं काही घराजवळ ठेवू नये. ओटो माझ्याकडे बघत राहिला, मग चिंध्यांत गुंडाळून घेऊन गेला. आमचं बत्तीस वर्षांचं मैत्र आहे, पण आज जाताना “उद्या येतो” म्हणाला नाही.

दांडा आपटल्यावरच मोडला असणार. मंडळाच्या कागदात तसंच आहे. म्हणजे दांड्याचं नाव नाही, पण अर्थ तोच.

२८ जून, शुक्रवार

अर्डिस बोलली. मी कॉफी ओतत होतो.

“आठव्या गाडीला त्याच खेपेतले दांडे आहेत.”

“हं.”

“दाल्ग्रेनला कळव.”

“दोन महिने धावतेय ती गाडी. मोडायचे असते तर मोडले असते.”

“व्हर्जचेही जवळजवळ दोन महिने चालले.”

मी तिला समजावलं. एक फोन गेला की आठवड्यात चार राज्यांत बातमी होईल आणि हॅफनर गाडीत पुन्हा कुणी बसणार नाही. दोन गाड्यांची बोलणी चालू आहेत. शेड, ओटोचं पोट, सगळं त्यावर आहे. “नऊ वर्षं घालवलीत मी यात, अर्डिस,” असं म्हणालो.

ती म्हणाली, “नऊ वर्षांनी व्हर्ज पस्तिशीचा झाला असता.”

आणि स्वतःच फोन लावला. मी शेडमध्ये आलो. तिनं दोनदा हाक मारली बहुतेक. मी लेथ चालू केला होता.

नंतर दारात येऊन उभी राहिली. “गाडीबद्दल बाईमाणसाशी बोलायला वेळ नाही म्हणाला. नवऱ्याला फोनवर बोलाव म्हणाला. मी तुला हाका मारल्या.”

“ऐकू नाही आलं.”

“लेथवर काही लावलेलं नाही, एमरी,” ती म्हणाली आणि आत गेली.

मला झोप लागत नाही हे खरं आहे. पण दाल्ग्रेन काही मूर्ख नाही. दांड्यात खोट असती तर त्याच्या लक्षात आलं असतं.

७ जुलै, रविवार, दुपार

हे हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत लिहितोय. इलिनॉयची हद्द संपायला अजून वीस मैल आहेत. अर्डिस बाहेर गाडीत बसलीय, खायला नको म्हणाली.

काल ती आईकडे जाते म्हणून बसनं गेली. आज सकाळी साडेसातला फोन वाजला. इलिनॉयमधल्या एका गावाचा शेरीफ बोलत होता. “तुमची बायको आमच्याकडे आहे. एका माणसाची गाडी तिनं फोडलीय.”

तीन तासांत पोचलो. झालं ते असं. आज दुपारी दोनला तिथे शर्यत आहे. दाल्ग्रेनची मंडळी सकाळी नाश्त्याला थांबली होती, गाडी बाहेर ट्रेलरवर. ट्रॅकच्या आवारात आपल्याला शिरू देणार नाहीत हे अर्डिसला पक्कं ठाऊक, म्हणून तिनं गाडी रस्त्यात गाठली. चांगले कपडे, हॅट, आणि पर्समध्ये माझा तीन पौंडी हातोडा. ट्रेलरवर चढली आणि उजव्या दांड्यावर घाव घातला. दुसऱ्या घावाला दांडा तुटला. मग हातोडा खाली ठेवून तिथेच बसून राहिली.

शेरीफ भला माणूस. मला बाजूला बसवून म्हणाला, “तिचा भाऊ गेलाय हे आम्हाला कळलं. दाल्ग्रेनलाही तक्रार वाढवायची नाही. दुःखानं तिचं डोकं ठिकाणावर नाही एवढं तुम्ही लिहून द्या, मी आत्ता सोडतो. पण ती म्हणतेय की खोट दांड्यातच होती, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. तसं असेल तर तसं सांगा. गाडी तुम्ही बांधलीय.”

दाल्ग्रेन तिथेच उभा होता. त्याचा चालक, ओस्टर नावाचा, दोन-अडीच वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन दाराशी. अर्डिस समोरच्या बाकावर, हात मांडीवर. सगळं ऐकत होती.

मी लिहून दिलं.

तिच्यासाठीच दिलं. दुसरं काही सांगितलं असतं तर केस, वकील, वर्तमानपत्रं, तिची आई हे सगळं वाचणार. दाल्ग्रेननं माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका. तीन पौंडी हातोडा, काहीही तुटेल. माझ्याकडे जुना काळा दांडा आहे, तो लावून शर्यतीला उतरतो.” म्हणजे उजव्या दांड्याचा प्रश्नही आपोआप मिटला. विचार केला तर सगळ्यांच्या दृष्टीनं हे बरंच झालं. कुणाला काही झालं नाही, नावही राहिलं.

चेरी पाय मागवलाय, तो तसाच पडलाय.

ती आत आली आहे. माझ्यासमोर उभी आहे. विचारतेय, “डावा काढला का त्यांनी?”

मी विचारलंच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

नीट लिहितो, काही न सोडता.

खाणावळीतून ती बाहेर पडली, पण गाडीत बसली नाही. रस्त्याच्या कडेनं आलो त्या दिशेला चालायला लागली. चांगले बूट, हॅट, हातात पर्स. ट्रॅक तिथून चाळीस मैल. मी गाडी तिच्या बाजूनं हळूहळू नेत ओरडत होतो, “अर्डिस, वेडेपणा करू नकोस.” ती थांबली आणि म्हणाली, “तसं तू लिहूनच दिलंयस.”

मी दार उघडलं. “बस. आपण परत जाऊ.” ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि मग बसली.

पोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते. गाड्या रांगेत लागत होत्या. ओस्टर आठव्या गाडीत बसला होता, उजवीकडे काळा दांडा, डावीकडे चकचकीत. अर्डिसला फाटकावर अडवलंच. मी एकटा आत गेलो.

दाल्ग्रेन म्हणाला, “आता काय?”

मी म्हणालो, “डावा दांडा काढा.”

“अहो, तिनं डाव्याला हातसुद्धा लावलेला नाही.”

“ती शुद्धीवर होती. मी खोटं लिहून दिलं. हे दांडे मुलाम्यानंतर भाजायला हवे होते, ते मी भाजले नाहीत. फोटो काढायचा होता म्हणून तसेच बसवले, आणि तुम्हालाही पाठवले. माझ्या मेहुण्याचा दांडा असाच मोडला.”

आजूबाजूची माणसं जमली. कुणी हसलं नाही. दाल्ग्रेननं स्वतः दांडा काढला, ट्रेलरवरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळला आणि हातोडा उचलला. एका घावात तुकडा मातीत पडला. ओस्टर गाडीतून उतरला आणि त्यानं हातमोजे काढून सीटवर टाकले.

दाल्ग्रेननं विचारलं, “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

तुटलेला दांडा बघितल्यापासून, असं सांगणार होतो. या वहीत मी तसंच भासवत आलोय, तेसुद्धा धड कबूल न करता. पण ते खरं नाही. लठ्ठ माणूस म्हणाला की ती हॅटशिवाय आलीय, तेव्हाच मला कळलं होतं. अर्डिस रविवारी हॅट घातल्याशिवाय चार लोकांत जात नाही. ती कशासाठी आली असेल हे मला त्याच क्षणी कळलं. व्हर्ज गाडीत बसलेला होता, झेंडा पडायला पाच मिनिटं होती, आणि लोक हसत होते. मी सँडविच म्हणालो.

हे मी दाल्ग्रेनला सांगितलं, त्या सगळ्यांसमोर. तो म्हणाला, “निघा इथून.” माझ्या हातांनी बांधलेल्या गाडीत यापुढे कुणी बसणार नाही, आणि ते योग्यच आहे.

बाहेर आलो. अर्डिसला दांड्याचे तुकडे दाखवायला गेलो तर तिनं बघितले नाहीत. एवढंच विचारलं, “तो उतरला का गाडीतून?”

“उतरला.”

“मुलगी कुठेय?”

“तिच्या आईजवळ आहे, बाहेर.”

मग ती गाडीत बसली. गाडी चालू केली तेव्हा म्हणाली, “घरी नको. आईकडे चल.” वाटेत तिला सगळं सांगितलं, हॅटचंही. ती म्हणाली, “ते मला माहीत आहे.”

आता तिच्या आईच्या अंगणात गाडी उभी आहे. ऊन अजून आहे. अर्डिस उतरताना म्हणाली, “मी आईला काही सांगणार नाही. ते तुझं काम.” आणि आत गेली. मी अर्धा तास इथेच बसून लिहितोय.

आई दारात आलीय. काठी टेकत, श्वास घेत घेत. म्हणतेय, “एमरी, काय रे उन्हात लिहीत बसलायस? आत ये, मका निवतोय. आणि त्या गाडीचं मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. व्हर्ज असता तर त्यानं स्वतः तुझी माफी मागितली असती.”

वही खिशात ठेवतो आणि आत जातो.